परसदारचा बंब

स्वयंपाकघरात गॅस आला आणि चूल गेली. मागीलदारचा बंब मात्र बऱ्याच घरांत टिकून राहिला. कोकणात किंवा कोल्हापूर-साताऱ्याकडच्या गावांत भल्या पहाटे परसात धूर दिसला, तर तो बहुधा आंघोळीच्या पाण्याचा असतो. जुनी सवय म्हणून हे चाललंय असं वाटेल, पण त्यामागे रोख हिशेब आहे.

स्वयंपाकाला कमी-जास्त करता येणारी आच लागते. पाण्याला आचेचे चोचले नसतात, त्याला फक्त भरपूर उष्णता हवी. म्हणून जे जळण भाकरीला चालत नाही ते बंबाला चालतं: नारळाची सोडणं, करवंट्या, झावळ्यांची पिढं, सुताराकडच्या ढलप्या, तुराट्या, पऱ्हाट्या, कणसांची बुरकुंडं. आवार झाडून निघालेला पालापाचोळासुद्धा पेटवणाला कामी येतो. बंब हे मुळात कचऱ्यातून ऊन पाणी काढण्याचं यंत्र आहे.

त्याची रचना बघण्यासारखी आहे. बाहेरून दिसतं ते उभं गोल पिंप. त्याच्या पोटातून मधोमध एक नळी खालपासून वरपर्यंत जाते आणि पिंपाच्या माथ्यावर धुराडं होऊन बाहेर पडते. नळीच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राखेची जागा. विस्तव नळीत, पाणी नळीभोवती. हंड्याखाली जाळ केला की ज्वाळा कडेनं निसटतात आणि बरीचशी उष्णता वाऱ्यावर जाते. बंबात धुराला बाहेर पडायचं तर सगळी वाट पाण्याच्या मधूनच काढावी लागते. शिवाय उभ्या नळीमुळे हवा खालून आपोआप ओढली जाते. एकदा पेट घेतला की फुंकणीचं काम उरत नाही, मधूनमधून वरून दोन ढलप्या सोडल्या की झालं. रशियातला समोवार याच तत्त्वावर चालतो.

खरी हुशारी आहे ती पाणी घेण्याच्या पद्धतीत. जुन्या घडणीच्या अनेक बंबांत तोटी वरच्या अंगाला असते आणि शेजारी नरसाळं, त्याची नळी आत तळापर्यंत गेलेली. नरसाळ्यात तांब्याभर गार पाणी ओतायचं. ते तळाशी जाऊन बसतं आणि वरचं कढत पाणी तेवढंच तोटीतून बादलीत उतरतं. जितकं घ्याल तितकं आधी भरावं लागतं, त्यामुळे बंब कोरडा पडत नाही. ज्यांची तोटी खाली असते, त्या बंबांत हे पथ्य माणसाला पाळावं लागतं. पाणी संपलं आणि आत विस्तव राहिला, तर सांध्यांची झाळ सुटते आणि बंब गळायला लागतो.

बंब बहुधा तांब्याचा असतो. तांबंच का, याचं उत्तर सहसा ‘पाणी लवकर तापतं’ असं मिळतं. पत्रा पातळ असल्यामुळे तो फरक फारसा जाणवत नाही. स्टीलचा बंबही पाणी तापवतोच. तांब्याचं मोल वेगळं आहे. ते लोखंडासारखं गंजून झडत नाही, ठोकून हवा तो आकार घेतं, जळलेली नळी बदलता येते आणि अगदीच निकामी झालं तरी मोडीत चांगला भाव येतो. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत पेशवाईपासून तांब्याचं काम चालत आलंय. तिथल्या कारागिरांची खूण म्हणजे मठारकाम: हातोडीच्या एकसारख्या ठोक्यांनी उमटवलेली टिकल्यांची नक्षी. ती नुसती शोभेची नसते. ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि भांड्याला ताठपणा येतो.

वर्षातून एकदा बंबाला मान मिळतो. नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी त्याला चिंच लावून लखलखीत घासतात, पाणी भरून ठेवतात, हळदकुंकू वाहतात. पहाटेच्या अभ्यंगस्नानाला एकामागून एक सगळं घर रांगेत असतं, तेव्हा न थांबता कढत पाणी देणारा बंब ही त्या दिवशीची मोठी सोय.

हिशेबाची दुसरी बाजूही पाहायला हवी. ४० लिटर पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर न्यायला १६०० किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणजे विजेच्या दोन युनिटांहून थोडी कमी. त्यात विसण घातलं की चौघांची आंघोळ होते. किलोभर सुक्या लाकडात साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी असतात. त्यातली निम्मी जरी पाण्यात उतरली तरी काम भागतं. लाकूड ओलं असेल तर मात्र त्यातलं पाणी उडवण्यातच उष्णता खर्च होते आणि धूर दुप्पट. म्हणून आगोटीच्या बेगमीत जळण आधी येतं. विहिरीचं पाणी जड असेल तर नळीवर क्षारांची पुटं चढतात आणि त्याच पाण्याला जास्त लाकूड लागतं.

तेव्हा वखारीतून लाकूड विकत आणून बंब पेटवण्यात शहाणपण नाही, आणि दाटीवाटीच्या वस्तीत त्याचा धूर शेजाऱ्याच्या नाकात जातो. ज्याच्या परसात चार माड आहेत आणि पाणी तापवायला उघडी जागा आहे, त्यानं मात्र विजेच्या गिझरसाठी बंब मोडीत काढण्यापूर्वी बिलाचा आकडा आणि सोडणांचा ढीग एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावा.