धानाची रोवणीही अर्जात लिहा

आंबागडच्या किल्ल्याच्या आसपासच्या गावांतून तुमसरला अकरावी-बारावी शिकणाऱ्या मुलांच्या घरी एक धास्ती असते. मोठ्या संस्थेत जायचं तर गिटार, रोबोटिक्स आणि फाईलभर सर्टिफिकेटं लागतात, मग आपल्या पोराचं कसं व्हायचं? या धास्तीत खरं थोडं आहे आणि ऐकीव फार.

एक तर असे अभ्यासाबाहेरचे उपक्रम सगळीकडे विचारतच नाहीत. आयआयटीला जेईई, वैद्यकीयला नीट, राज्यातल्या इंजिनिअरिंगला मुख्यतः सीईटी. तिथे वक्तृत्वाची ढाल कामाची नाही. आयआयटी मद्रासने २०२४-२५ पासून खेळाडूंना प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या, पण जेईई अॅडव्हान्स्डच्या यादीत नाव लागावंच लागतं. दिल्ली विद्यापीठाच्या कला-उपक्रम कोट्यात सीयूईटी या प्रवेश परीक्षेला २५ टक्के वजन आहे; उरलेले ७५ टक्के प्रमाणपत्रं आणि चाचणीचे. गाणं-नाटक असेल तर ते परीक्षकांपुढे करून दाखवायचं.

उपक्रमांना खरं वजन आहे ते अमेरिकेतल्या विद्यापीठांत आणि आपल्याकडच्या अशोकासारख्या काही खासगी विद्यापीठांत. सर्वांत मोठा गैरसमजही तिथलाच: घरचं काम म्हणजे उपक्रम नव्हे. अमेरिकेतली शेकडो विद्यापीठं ज्या ‘कॉमन अॅप’वरून अर्ज घेतात, त्यातल्या उपक्रमांच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदारी’ आणि ‘पगारी काम’ हे स्वतंत्र पर्याय आहेत. फॉर्ममध्ये जास्तीत जास्त दहा उपक्रम मावतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरं, शिवाय आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडे विचारतात. एमआयटी तर चारच उपक्रम मागते. २०१६ साली हार्वर्डच्या शिक्षणशास्त्र विभागातून निघालेल्या ‘टर्निंग द टाइड’ अहवालानेही हेच सांगितलं: उपक्रम थोडे असोत, पण मनापासून केलेले, आणि घराला लावलेला हातभार मोजा.

मग ‘शेतीची आवड आहे’ असं लिहून भागत नाही. असं लिहा: ‘दोन एकर धान, पऱ्हे टाकण्यापासून मळणीपर्यंत वडिलांसोबत, रोवणीच्या मजुरांची हजेरी व मजुरीचा हिशेब माझ्याकडे.’ मार्च-एप्रिलात पहाटे मोहफुलं वेचून मग शाळेत जाणारी मुलगी असेल, तर तिने तेही तासांसकट लिहावं. वाचणाऱ्याला बांधी दिसली पाहिजे आणि तिथे त्या पोराने किंवा पोरीने काय सांभाळलं, तेही.

पैसे भरून मिळणाऱ्या ‘आंतरराष्ट्रीय’ सर्टिफिकेटांच्या मागे कर्ज काढून लागू नका, हे मी कळकळीने सांगतो. त्यापेक्षा जवळचंच काम धरा. भंडारा-गोंदियात शेतकऱ्यांच्या मदतीने सारस पक्ष्यांची गणना होते. गावच्या मामा तलावावर येणाऱ्या पक्ष्यांची दोन वर्षं नोंद ठेवणाऱ्या मुलाकडे मुलाखतीत बोलायला भरपूर असतं. खडी गंमत, दंडार या लोककलांतली मुलं आपली कला कमी लेखतात. राज्य मंडळ दहावीला लोककलेचे वाढीव गुण देतं, हे त्यांच्या घरी माहीत असावं.

‘आपल्या भागातून कोण जातं?’ हा प्रश्नही जुना झाला. राजू केंद्रे यांनी यवतमाळातून २०१७ साली सुरू केलेली ‘एकलव्य’ संस्था घरातून पहिल्यांदाच कॉलेजात जाणाऱ्या मुलांना अशा अर्जांसाठी तयार करते. अझीम प्रेमजी विद्यापीठ परीक्षा आणि मुलाखत घेतं. गरजू मुलांना फी, राहणं आणि जेवण यांसाठी शिष्यवृत्ती देतं.

परदेशी अर्जाला बहुतेक ठिकाणी शिक्षकांचं शिफारसपत्रही लागतं. रोवणीच्या दिवसांत मुलगा वर्गात का नव्हता, हे सरांना ठाऊक नसेल तर ते पत्रात येणार कसं? अकरावीतच सरांना भेटून हे सांगा.