तांब्याची तार आणि भांडवल

जबलपूरच्या जुन्या पेठेत कमानिया गेट उभे आहे. त्रिपुरी येथे १९३९ साली भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे हे स्मारक. त्याच्या आसपास सराफा आहे. दागिना हाती आला की सराफ सोने वेगळे धरतो आणि घडणावळ वेगळी. कारण मोडीच्या वेळी सोन्याची किंमत येते, घडणावळ बुडते. वेगवान इंटरनेटच्या प्रारंभकाळी त्याच्या यंत्रसामग्रीत पैसा घालणाऱ्यांनी असाच हिशेब केला असता, तर पुष्कळांची हानी टळली असती.

टेलिफोनवरील संभाषण तारजोडीची अगदी थोडी क्षमता वापरते. सेकंदाला चार हजारांच्या आतील कंपने बोलण्यास पुरतात. त्यापुढचा, दहा लाखांपलीकडे जाणारा पट्टा रिकामाच राहतो. एडीएसएल पद्धतीने तो कामास लावला. ग्राहकाच्या घरी मोडेम आणि एक्स्चेंजमध्ये अनेक जोडण्या सांभाळणारे दुसरे यंत्र बसवले की रस्ता खणण्याचे कारण उरत नसे. घर मात्र एक्स्चेंजपासून फार दूर नसावे. अंतराबरोबर संदेश क्षीण होत जातो.

कल्पना मोहक होती. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने जुन्या कंपन्यांच्या तारा भाड्याने घेण्याची वाट खुली झाली आणि नॉर्थपॉइंट, ऱ्हिदम्स, कोव्हॅड यांसारख्या कंपन्या पुढे सरसावल्या. अशांना यंत्रे विकणाऱ्या कॉपर माउंटनच्या शेअरचा भाव भराभर चढला. २००१ साली या तिन्ही कंपन्यांनी दिवाळखोरीचा आश्रय घेतला. गिऱ्हाईकच बुडाल्यावर यंत्रे कोण घेणार? तंत्रात खोट नव्हती. तार परक्याची होती, एवढेच.

भारतात हा प्रश्न सुटला नाही, टळला. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट ही किमान गती ठरवली. पण सरकारी कंपन्यांच्या तारा इतरांना खुल्या कराव्यात, ही दूरसंचार नियामकाची शिफारस सरकारने स्वीकारली नाही. जानेवारी २००५ मध्ये बीएसएनएलने ब्रॉडबँड सेवा सुरू केली, ती स्वतःच्याच तारांवर. यंत्रे पुरवणाऱ्यांच्या वाट्याला निविदांतील चढाओढ आली. मोडेम दिवसेंदिवस स्वस्त होत गेले. त्यात ग्राहकाचे हित होते, कारखानदाराचा नफा मात्र आटत होता.

पुढे तार बाळगणाऱ्याचाही वरचष्मा राहिला नाही. मोबाइलचे जाळे पसरले, मागोमाग काचतंतू घरोघर पोहोचू लागला. काचतंतूच्या जोडणीत खर्चाचा मोठा भाग तंतूचा नसतो, तो टाकण्याचा असतो: खोदकाम, खांब, परवानग्या आणि मजुरी. एडीएसएलने जो खर्च वाचवला होता, तोच आता पुन्हा भांडवलापुढे उभा आहे.