अ‍ॅम्पपासून संगणकापर्यंत : गिटारच्या आवाजाचा प्रवास

इलेक्ट्रिक गिटार, छोटा अ‍ॅम्प, दोन-चार पेडल, ऑडिओ इंटरफेस आणि लॅपटॉप एवढं सामान जमलं की घरच्या घरी रेकॉर्डिंग करता येतं. अ‍ॅम्पची हुबेहूब नक्कल करणारी सॉफ्टवेअरही आता सहज मिळतात आणि रात्री शेजाऱ्यांची झोप न मोडता वाजवायला ती उत्तमच आहेत. तरीही ज्याच्याकडे खरा अ‍ॅम्प आहे, त्याने तो एकदा तरी माइक लावून रेकॉर्ड करावाच, असं माझं ठाम मत आहे. स्पीकर हवा हलवतो, ती हवा गिटारच्या तारांना लागते आणि वाजवणाऱ्याचा हात त्याला प्रतिसाद देतो. हे सगळं रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. त्यासाठी महागड्या स्टुडिओची गरज नाही. सिग्नल कुठून निघतो, कुठे जातो आणि प्रत्येक टप्प्यावर किती जोराचा असतो, एवढं मात्र नीट समजून घ्यावं लागतं.

माइक आणि स्पीकर

गिटारच्या कॅबिनेटसमोर जगभर सर्वांत जास्त दिसणारा माइक म्हणजे शुअर कंपनीचा एसएम ५७. तो 1965 मध्ये बाजारात आला आणि आजही जवळपास त्याच रूपात मिळतो. हा डायनॅमिक माइक आहे. मोठ्या आवाजाला तो डगमगत नाही आणि त्याला 48 व्होल्टची फँटम पॉवरही लागत नाही. गिटारचा स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्‌झच्या वर झपाट्याने मंदावतो. नेमक्या त्याच पट्ट्याच्या आसपास हा माइक थोडा उठाव देतो, म्हणून ही जोडी जमते.

माइकची जागा ठरवायला हेडफोन लावावा आणि एखाद्याला माइक हलवायला सांगावा. स्पीकरच्या मधोमध जो गोल घुमट असतो, त्याच्या अगदी समोर माइक धरला तर आवाज धारदार, कधी कधी बोचरा येतो. कडेकडे सरकवत नेला की तो गडद, मऊ होत जातो. घुमट संपून कागदी शंकू सुरू होतो ती रेघ ही सुरुवातीची चांगली जागा. जाळीपासून इंचभर अंतर ठेवलं तर खर्ज भरदार मिळतो, कारण अशा एकदिश माइकमध्ये जवळच्या आवाजाचा खर्ज वाढतो. इथे दोन सेंटिमीटर सरकवण्याने जो फरक पडतो, तो नंतर इक्वलायझरची बटणं फिरवून मिळत नाही.

दुसरा माइक लावायचा मोह आवरावा, किंवा लावलाच तर दोन्ही स्पीकरपासून समान अंतरावर ठेवावेत. ध्वनी सेकंदाला सुमारे 343 मीटर जातो. दोन माइकच्या अंतरात 17 सेंटिमीटरचा फरक असला, तर एकाचा सिग्नल अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि दोन्ही एकत्र केले की 1 किलोहर्ट्‌झच्या आसपासचा आवाज खचतो. गिटार पोकळ वाटू लागते आणि दोष मात्र अ‍ॅम्पला दिला जातो.

इंटरफेसवर सिग्नलची पातळी ठेवताना सर्वांत जोरात वाजवून बघावं आणि शिखर उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्यावं. 24 बिटमध्ये एवढी मोकळी जागा सोडल्याने काहीही बिघडत नाही.

इफेक्ट : अ‍ॅम्पच्या आधी की नंतर?

वाह, ओव्हरड्राइव्ह, डिस्टॉर्शन, फझ ही पेडल गिटार आणि अ‍ॅम्पच्या मध्ये लावतात. डिले आणि रिव्हर्ब मात्र बहुधा अ‍ॅम्पच्या इफेक्ट्स लूपमध्ये बरे वाटतात. हा लूप प्रीअ‍ॅम्प आणि पॉवर अ‍ॅम्पच्या मध्ये असतो. मागच्या बाजूच्या 'सेंड'मधून सिग्नल बाहेर येतो आणि 'रिटर्न'मधून परत जातो. अ‍ॅम्पचा आवाज प्रीअ‍ॅम्पमध्येच फाटत असेल, तर आधी लावलेल्या डिलेचे बारीक प्रतिध्वनीही मूळ सुरांइतके वर येतात आणि सगळा गिचका होतो. फाटलेल्या आवाजावर नंतर डिले दिला, तर प्रत्येक आवर्तन स्वच्छ ऐकू येतं.

बऱ्याच छोट्या अ‍ॅम्पना लूप नसतो. त्यांच्यासाठी उपाय संगणकाच्या बाजूला आहे, तो पुढे येतोच.

कोरडा सिग्नल राखून ठेवा

माइकमधून रेकॉर्ड झालेला इफेक्ट पुन्हा काढता येत नाही. म्हणून गिटारची केबल आधी डीआय बॉक्समध्ये न्यावी. त्याच्या 'थ्रू'मधून सिग्नल पेडल आणि अ‍ॅम्पकडे जातो, तर संतुलित आउटपुटमधून इंटरफेसकडे. एका ट्रॅकवर माइकचा आवाज, दुसऱ्यावर गिटारचा कोरडा सिग्नल.

हा कोरडा ट्रॅक नंतर पुन्हा अ‍ॅम्पमधून वाजवता येतो. त्याला रीअ‍ॅम्पिंग म्हणतात. गिटारवादक जो सॅट्रियानीच्या 1987 च्या 'सर्फिंग विथ द एलियन' या अल्बमचे ध्वनिमुद्रक जॉन क्युनिबर्टी यांनी 1990 च्या दशकात या कामासाठी खास पेटी तयार केली. तिची गरज साधी आहे. इंटरफेसचं व्यावसायिक लाइन आउटपुट सरासरी 1.23 व्होल्टवर चालतं आणि गिटारचा सिग्नल त्याहून बराच नाजूक असतो. रीअ‍ॅम्प बॉक्स ही पातळी उतरवतो, इम्पिडन्स गिटारसारखा करतो आणि त्यातला ट्रान्सफॉर्मर गुणगुणही तोडतो.

संगणकातून बाहेर आणि परत

हीच युक्ती बाहेरच्या इफेक्टसाठी वापरता येते. इंटरफेसचं तिसरं आउटपुट रीअ‍ॅम्प बॉक्समधून डिले पेडलमध्ये, पेडलचं आउटपुट इंटरफेसच्या गिटार इनपुटमध्ये. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरपैकी लॉजिकमध्ये 'आय-ओ', एबलटनमध्ये 'एक्स्टर्नल ऑडिओ इफेक्ट', रीपरमध्ये 'रीइन्सर्ट' हे प्लग-इन त्यासाठीच आहेत. माइकने घेतलेला ट्रॅक पेडलमधून फिरवून परत आणला की लूप नसलेल्या अ‍ॅम्पलाही खरा डिले मिळतो.

या फेरीत वेळ जातो. 48 किलोहर्ट्‌झवर 128 सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने सुमारे 2.7 मिलिसेकंद. जाऊन-येऊन दुप्पट, शिवाय कन्व्हर्टरचा वेळ वेगळा. म्हणून प्लग-इनमधली विलंब मोजण्याची सोय आधी वापरावी. परतीचा सिग्नल चुकूनही पुन्हा त्याच तिसऱ्या आउटपुटला जोडू नये. तसं झालं तर क्षणार्धात कर्कश शिट्टी सुरू होते आणि हेडफोन कानांवर असेल तर इजा होऊ शकते.

वीज आणि सुरक्षा

आपल्याकडे वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्‌झची. अमेरिकेहून आणलेला 120 व्होल्टचा अ‍ॅम्प पुरेशा क्षमतेच्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय लावू नये. गुणगुण येत असेल तर अ‍ॅम्प, इंटरफेस आणि लॅपटॉप एकाच बोर्डावर घ्यावेत, लॅपटॉप बॅटरीवर चालवून पाहावा आणि पेडलना स्वतंत्र आउटपुट असलेला पॉवर सप्लाय द्यावा. गुणगुण घालवण्यासाठी अ‍ॅम्पची अर्थिंगची पिन कधीही काढू नये. गिटारच्या तारा अ‍ॅम्पच्या चॅसीशी जोडलेल्या असतात. आत बिघाड झाला तर तो विजेचा झटका थेट हातात येतो.

आणखी दोन नियम पाळावेत. अ‍ॅम्पचं स्पीकर आउटपुट इंटरफेसला थेट जोडू नये. 8 ओहमवर 15 वॅट म्हणजे जवळपास 11 व्होल्ट. एवढ्याने इंटरफेस जळू शकतो. आणि व्हॉल्व्ह अ‍ॅम्प स्पीकर किंवा त्याच्या जागी भार घेणारा लोड बॉक्स न जोडता सुरू करू नये, त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. लोड बॉक्स असेल तर मात्र रात्रीही खऱ्या अ‍ॅम्पने नि:शब्द रेकॉर्डिंग करता येतं. कॅबिनेटची जागा तेव्हा इम्पल्स रिस्पॉन्सची, म्हणजे कॅबिनेट आणि माइकच्या आवाजाची नोंद असलेली, फाइल घेते.

नवं पेडल घेण्याआधी तेच पैसे बऱ्या माइक स्टँडवर, एका डीआय बॉक्सवर आणि चांगल्या केबलींवर खर्च करा. जोडणीचा नकाशा कागदावर काढा, बटणांचे फोटो काढून ठेवा आणि प्रत्येक वेळी कोरडा ट्रॅक जपा. एवढी शिस्त असेल, तर घरातल्या छोट्या अ‍ॅम्पचं रेकॉर्डिंगही अभिमानाने कुणालाही ऐकवण्याजोगं होतं.