श्रेयांकांची बँक उघडली, पण पत कोण देणार?

महाविद्यालय बदलणे ही श्रीमंताच्या मुलाची हौस असते. गरिबाच्या मुलाला मात्र ते बहुतेक वेळा नाइलाजाने करावे लागते. बाप ऊसतोडीला गेला म्हणून, घरातला कमावता माणूस गेला म्हणून, पुण्यात रात्रपाळीची नोकरी मिळाली म्हणून, वसतिगृहात जागा मिळाली नाही म्हणून आमची मुले एका जिल्ह्यातले कॉलेज सोडून दुसऱ्या जिल्ह्यात जातात. मुलीचे पहिले वर्ष संपते न संपते तोच तिचे लग्न होते आणि ती दुसऱ्या विद्यापीठाच्या हद्दीत जाऊन पडते. तिला पुढे शिकायचे असते. प्रश्न असा की, तिने शिकून पास केलेल्या एका वर्षाचे काय?

कागदावर या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ साली अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे विनियम आणले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक म्हणजेच क्रेडिट या बँकेत त्याच्या नावावर जमा व्हावेत, जास्तीत जास्त सात वर्षे टिकावेत आणि दुसऱ्या संस्थेत गेल्यावर वापरता यावेत, अशी ही योजना. महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची रचना २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्नित महाविद्यालयांत लागू झाली. एका सत्राला २२ श्रेयांक, वर्षाला ४४, तीन वर्षांच्या पदवीला १३२ आणि चार वर्षांच्या ऑनर्स पदवीला १७६ असा हिशेब ठरला. विद्यार्थ्यांची खाती उघडली, अपार क्रमांक दिले गेले. शासनाने पाठ थोपटून घेतली.

पण बँकेत पैसे असणे वेगळे आणि दुकानदाराने ते घेणे वेगळे. ही बँक श्रेयांक फक्त सांभाळते. ते मान्य करायचे की नाही, हे ज्या विद्यापीठात विद्यार्थी जातो ते विद्यापीठ ठरवते. तिथले अभ्यास मंडळ त्याचे पेपर तपासते, आपल्या पेपरांशी ताडून पाहते आणि समकक्ष आहेत की नाहीत ते सांगते. एका विद्यापीठात जो पेपर दुसऱ्या सत्राला आहे तो दुसरीकडे चौथ्या सत्राला असू शकतो. एकीकडे जो मेजर विषयात मोजला तो दुसरीकडे मायनरमध्ये मोजला जाऊ शकतो. कौशल्याचा पेपर, भारतीय ज्ञान प्रणालीचा पेपर, खुला ऐच्छिक पेपर, प्रत्येकाची नावे निराळी, क्रम निराळा. एकूण बेरीज ४४ च असते, तरीही "तुमचे पेपर आमच्याशी जुळत नाहीत" हे वाक्य खिडकीवर ऐकावे लागते.

त्याआधीची यातायात आणखी वेगळी. महाविद्यालय सोडल्याचा दाखला, मायग्रेशन सर्टिफिकेट, गुणपत्रके, अभ्यासक्रमाची सही-शिक्क्याची प्रत, मग नव्या विद्यापीठाचे पात्रता प्रमाणपत्र. प्रत्येक कागदाला शुल्क, प्रत्येक शुल्कासाठी एक खेप. ज्याच्या घरी रोजच्या मजुरीवर चूल पेटते त्याच्यासाठी विद्यापीठाच्या गावाला एक खेप म्हणजे भाडे अधिक एक दिवसाची मजुरी. कागद मिळेपर्यंत प्रवेशाची मुदत संपते. मुदत संपली की वर्ष जाते. वर्ष गेले की शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा प्रश्न, वसतिगृहातील जागेचा प्रश्न, स्वाधार योजनेच्या हप्त्याचा प्रश्न. वर्ष वाया गेलेल्या श्रीमंताच्या मुलाला बाप क्लास लावून देतो. आमच्या मुलाचे वर्ष वाया गेले की तो कंपनीच्या गेटवर कंत्राटदारासमोर उभा राहतो आणि बहुधा परत येत नाही.

शिक्षण मध्येच सोडावे लागणे ही आमच्या समाजाला नवी गोष्ट नाही. खुद्द बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले होते. कोलंबिया विद्यापीठातून ते १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये गेले आणि बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना भारतात यावे लागले. मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाने त्यांना दिलेली होती. त्यांनी सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली, पैसे साठवले, छत्रपती शाहू महाराजांचे आणि मित्राचे साहाय्य घेतले आणि १९२० साली ते लंडनला परतले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. पदवी त्यांनी मिळवली. त्या विद्यापीठाने १९१७ साली दार बंद केले असते तर काय झाले असते, याचा विचार आमच्या कुलगुरूंनी जरूर करावा. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले गेले. विद्यार्थ्याच्या परिस्थितीप्रमाणे संस्थेने आपली घडी बदलावी, हा त्यामागचा विचार होता.

आजच्या धोरणात मात्र बाहेर पडण्याची सोय मोठ्या कौतुकाने सांगितली जाते. एका वर्षानंतर बाहेर पडा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनंतर बाहेर पडा, पदविका घ्या. त्यासाठीही चार श्रेयांकांचा जादा कौशल्य अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, ही अट किती मुलांना सांगितली जाते? आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार बाहेर पडलेल्याने तीन वर्षांच्या आत परतावे आणि सात वर्षांच्या आत पदवी पुरी करावी. मग आम्ही विचारतो, परत येणाऱ्याला कोणत्या खिडकीवर जायचे ते कुणी सांगितले आहे काय? एका वर्षाचे प्रमाणपत्र हातात देऊन बहुजनांच्या मुलांना स्वस्त मजूर म्हणून बाजारात सोडायचे आणि परतीच्या वाटेवर कागदांचे कुंपण घालायचे, असे होणार असेल तर या धोरणाला आम्ही संधी कशी म्हणावी?

विद्यापीठांच्या हद्दी म्हणजे काही निसर्गाने आखलेल्या सीमा नव्हेत. ज्या १९९४ साली मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार झाला, त्याच साली त्यातून नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळे झाले. सोलापूर २००४ पर्यंत कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात होते. चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ पर्यंत नागपूर विद्यापीठात होते. कालपर्यंत जे एका छताखाली एकच अभ्यासक्रम शिकवत होते ते शासनाच्या एका निर्णयाने दोन झाले. ही विभागणी विद्यार्थ्याला विद्यापीठ जवळ यावे म्हणून झाली. तिचाच अडसर त्याच्या वाटेत उभा राहावा, हे कोणत्या न्यायात बसते?

विद्यापीठे म्हणतात, आम्ही स्वायत्त आहोत, दर्जा राखणे आमचे काम आहे. दर्जा राखलाच पाहिजे. निकृष्ट शिक्षणाचा सर्वांत मोठा फटका आमच्याच मुलांना बसतो. पण सेट परीक्षा पुण्याचे विद्यापीठ घेते आणि तिच्यात पात्र ठरलेला प्राध्यापक गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत कुठेही चालतो. मग त्याच प्राध्यापकाने शिकवलेला, तपासलेला पेपर शेजारच्या जिल्ह्यात का चालू नये? श्रेयांकाचे मापही एकच आहे: अध्यापनाच्या पंधरा तासांना एक श्रेयांक. जिथे खरोखर फरक आहे, उदाहरणार्थ विज्ञानाच्या प्रयोगशाळेतील कामात, तिथे राहिलेला एखादा पेपर जोडून घ्यायला सांगा. एका पेपरासाठी अख्खे वर्ष परत करायला लावू नका.

हे अशक्य नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याने सर्व सरकारी महाविद्यालयांतील पेपरांना राज्यभर समान क्रमांक दिले आहेत; समकक्ष ठरलेला पेपर एका ठिकाणी केला की दुसऱ्या ठिकाणी तो मानावा लागतो. कॅलिफोर्निया राज्याने २०१० साली कायदा करून दोन वर्षांच्या सामुदायिक महाविद्यालयांत हस्तांतरासाठी खास पदवी आणली. ती घेणाऱ्याला राज्य विद्यापीठाच्या व्यवस्थेत थेट तिसऱ्या वर्षाच्या पातळीवर प्रवेशाची हमी मिळते. जिथे अशी सांगड नाही तिथली गत काय होते, हेही त्याच देशात दिसते. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली दिलेल्या अहवालात, कॉलेज बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के श्रेयांक वाया गेल्याचा अंदाज मांडला होता. श्रीमंत देशातली ही अवस्था असेल तर आमच्याकडे मोजदाद झाली तर काय निघेल?

महाराष्ट्राला नवी समिती नेमण्याचीही गरज नाही. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात कुलपतींच्या अध्यक्षतेखाली कुलगुरूंचे संयुक्त मंडळ आहे. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र राज्य उच्च शिक्षण व विकास आयोग आहे. एका टेबलावर बसायची व्यवस्था कायद्यानेच केलेली आहे. प्रश्न इच्छेचा आहे. म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली, बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी.च्या पहिल्या दोन वर्षांच्या पेपरांचा राज्यव्यापी समकक्षता तक्ता विषयवार अभ्यास मंडळांनी एकत्र बसून तयार करावा आणि तो मराठीत प्रत्येक महाविद्यालयाच्या सूचना फलकावर लावावा. दुसरी, विद्यार्थ्याने अर्ज केल्यावर ठरावीक दिवसांत, प्रवेशाची मुदत संपण्यापूर्वी, लेखी उत्तर मिळावे. नकार दिला तर कोणता पेपर का नाकारला ते लिहून द्यावे आणि त्यावर अपिलाची सोय असावी. तिसरी, गुणांची नोंद बँकेत असताना राज्यातल्या राज्यात मायग्रेशन सर्टिफिकेटचा कागद आणि त्याचे शुल्क बंद करावे. चौथी, विद्यापीठ बदललेल्या मागासवर्गीय विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती खंडित होऊ नये म्हणून समाजकल्याण खाते आणि विद्यापीठे यांनी आपसात माहिती द्यावी-घ्यावी. मुलाला दोन्हीकडे पळवू नये. पाचवी, किती विद्यार्थ्यांनी श्रेयांक हस्तांतर मागितले, किती श्रेयांक नाकारले गेले आणि त्यात कोणत्या प्रवर्गाचे विद्यार्थी किती, याचा आकडा दरवर्षी जाहीर करावा. आकडा जाहीर झाला की दर्जाच्या नावाखाली काय चालते तेही जाहीर होईल.

यातली निम्मी कामे पैशाची नाहीत, एकमेकांशी बोलण्याची आहेत. विद्यापीठाचे परिपत्रक महाविद्यालयाच्या कारकुनापर्यंत पोहोचत नाही, कारकुनाचे अज्ञान विद्यार्थ्याला नियम म्हणून सांगितले जाते. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक पुढच्या वर्षी असेल की नाही याची खात्री नाही, मग मुलाला मार्ग सांगणार कोण? प्रत्येक महाविद्यालयात या कामासाठी एक जबाबदार माणूस नेमा आणि त्याचे नाव दारावर लिहा.

१९२७ साली मुंबई विधिमंडळात विद्यापीठाच्या विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी सिनेटमध्ये मागासवर्गीयांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न उचलून धरला होता. आज नोंदणीकृत पदवीधरांच्या मतांवर अधिसभेत गेलेले आमचे प्रतिनिधी आहेत, विद्वत परिषदेत, अभ्यास मंडळांवर आमचे प्राध्यापक आहेत. सत्काराचे हार स्वीकारून झाले असतील तर त्यांनी पुढच्या बैठकीत समकक्षता तक्त्याचा ठराव मांडावा. विद्यार्थी संघटनांनी आपल्या तालुक्यात श्रेयांक नाकारलेल्या मुलामुलींची यादी करावी, त्यांचे अर्ज लेखी द्यायला लावावेत, पोच घ्यावी. तोंडी नकाराला अपील नसते, लेखी नकाराला असते. आमच्या लेकरांनी कष्टाने मिळवलेला एकेक श्रेयांक ही त्यांची कमाई आहे. ती बुडवण्याचा अधिकार कोणत्याही विद्यापीठाला नाही.