पारदर्शक पत्त्यांत नेमके काय दिसते?

पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्याचे निम्मे वजन पत्त्याच्या पाठीत असते. पान पालथे असते, उलटेपर्यंत कोणालाच काही दिसत नाही, आणि उलटल्यावर जे निघेल ते ‘आले’ असे म्हणता येते. पारदर्शक पत्त्यांना पाठच नसते. स्वच्छ प्लॅस्टिकच्या पातळ पानावर मोजकीच आकृती छापलेली, बाकीचे पान मोकळे. अशी दोन-तीन पाने काढायची, ती शेजारी शेजारी न मांडता एकावर एक ठेवायची, खाली पांढरा कागद घ्यायचा किंवा उजेडासमोर धरायची, आणि सगळी मिळून जे एक चित्र होईल ते वाचायचे. एमिली कार्डिंग यांनी चितारलेला ७८ पानांचा पारदर्शक टॅरो २००८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नंतर त्याच पद्धतीचा ओरॅकलचाही संच आला. टॅरोची पाने किती व कोणती हे रूढीने ठरलेले आहे. ओरॅकलला ते बंधन नाही, संच काढणारा आपल्या मर्जीने पाने ठरवतो. हे पत्ते भविष्याबद्दल काही सांगतात असे मला वाटत नाही. पण पत्ते वाचण्याची क्रिया आतून कशी चालते, हे मात्र ते दुसऱ्या कोणत्याही संचापेक्षा जास्त उघडे पाडतात, आणि म्हणूनच त्यांच्याकडे नीट पाहण्यासारखे आहे.

पानात अर्थ मुळातच असतो, ही समजूत तशी अलीकडची. टॅरो पंधराव्या शतकात उत्तर इटलीत जन्मला तो खेळ म्हणून, हात जिंकण्याहरण्यासाठी. त्यात इजिप्तचे प्राचीन ज्ञान दडले आहे, असे फ्रान्समध्ये कूर द जेबलँ यांनी १७८१ साली लिहिले. त्यासाठी त्यांच्याकडे पुरावा नव्हता, आणि इजिप्तची चित्रलिपीही तेव्हा कोणाला वाचता येत नव्हती. पुढच्या काही वर्षांतच एतेया या टोपणनावाच्या पॅरिसकराने पानापानाचे भविष्यकथनासाठीचे अर्थ छापून काढले. १९०९ साली लंडनमध्ये वेट यांच्या सूचनांनुसार पामेला कोलमन स्मिथ यांनी काढलेल्या संचात तर साध्या अंकांच्या पानांवरही माणसांचे प्रसंग आले आणि अर्थ चित्रातच मुरल्यासारखा वाटू लागला. मायकेल डमेट या तत्त्वज्ञाने १९८० मध्ये टॅरोच्या खेळाचा जाडजूड इतिहास लिहून हा सगळा प्रवास कागदोपत्री मांडून दाखवला. अर्थ नंतर चिकटवलेले आहेत, हे आज टॅरोचे अनेक अभ्यासू वाचकही मान्य करतात.

पारदर्शक पत्त्यांत मात्र चिकटवलेला अर्थही पुरत नाही. थोडे गणित करून पाहा. ७८ पानांतून दोन पाने निवडली तर ३,००३ जोड्या होतात, तीन निवडली तर ७६,०७६ त्रिकुटे. त्यात पारदर्शक पान चार तऱ्हांनी ठेवता येते: सुलट, वरचे टोक खाली करून, पालथे म्हणजे आरशात पाहिल्यासारखे, आणि पालथे करून पुन्हा टोक खाली. तिन्ही पानांची परस्परांशी असणारी स्थिती मोजली तर एका त्रिकुटाची १६ रूपे होतात आणि एकूण चित्रे १२ लाख १७ हजारांवर जातात. इतक्या चित्रांचा अर्थ देणारे पुस्तक कोण लिहिणार? एकेका पानाचा अर्थ पुस्तकात सापडेल. पण एकत्र चित्र वाचायचे म्हटले की पुस्तक मिटते आणि पाहणाऱ्याचे डोळे कामाला लागतात. एका आकृतीच्या हातावर दुसऱ्या पानातली ज्योत आली, तर ती तिने हाती घेतली की तिचा हात पोळला, हे प्लॅस्टिक सांगत नाही. पाहणारा आपल्या त्या दिवसाच्या काळजीप्रमाणे ते ठरवतो.

‘पण चित्रे किती चपखल बसतात! हा योगायोग कसा?’ हा श्रद्धावानांचा पहिला आक्षेप असतो. तो योगायोग नाही, हे त्यांचे म्हणणे खरे आहे. ती चित्रकाराची योजना आहे. कुठे आकृती काढायची आणि कुठे जागा मोकळी सोडायची, हे पाने एकमेकांवर पडणार हे धरूनच ठरवलेले असते. आणि कोणी योजना केली नाही तरी थर एकावर एक पडले की त्यातून नवे काही निघतेच. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७० च्या दशकात इंग्लंडमधल्या गुन्हेगारांचे फोटो एकाच काचेवर एकावर एक उतरवले. गुन्हेगाराचा नमुनेदार चेहरा त्यातून मिळेल अशी त्यांना आशा होती. मिळाला तो मूळ चेहऱ्यांपेक्षा देखणा, सौम्य चेहरा. एकेकाच्या चेहऱ्यातले वेडेवाकडेपण पुसले गेले आणि सर्वांत सारखे असलेले तेवढे उरले. तो चेहरा एकाही कैद्याचा नव्हता, पण कागदावर ठसठशीत दिसत होता. ठसठशीत दिसणे हा खरेपणाचा पुरावा होत नाही, हे गाल्टन यांच्या फोटोंइतके स्वच्छ क्वचितच कशातून दिसले असेल.

दुसरा आक्षेप अनुभवाचा: ‘मला सांगितले ते तंतोतंत लागू पडले.’ पडणारच. बर्ट्राम फोरर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना चाचणी देऊन ‘तुझे व्यक्तिचित्र’ म्हणून एकेक कागद दिला आणि ते किती बरोबर आहे याला पाचपैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी चारच्या वर आली. प्रत्येकाच्या हातात तोच मजकूर होता, आणि तो बाजारात मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेला होता. पारदर्शक पत्त्यांत तर मजकूरही स्वतःचा स्वतःच तयार करायचा असतो; तो लागू न पडला तरच नवल. शिवाय पान काढतानाच ते दिसते, ही अडचण आहेच. डोळे मिटून काढा, पिशवीतून काढा, असे उपाय आहेत, पण ते पाळायचे की नाही हे काढणाऱ्याच्या हातात राहते.

इथे आपल्याकडच्या दोन रीतींशी तुलना करण्यासारखी आहे. कोकणात आणि गोव्यात देवळात कौल लावतात तेव्हा उजवी पाकळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, हे आधी बोलून ठरलेले असते. पाकळीला काही कळते असे मी म्हणत नाही. पण नियम आधी ठरल्यामुळे उत्तर मागाहून वळवता येत नाही. कुंडलीचेही तसेच. ती ठाम दावा करते, म्हणून ती तपासता येते. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात २००८ च्या सुमारास ती तपासलीही: हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना ओळखायला दिल्या. उत्तरे पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांनी प्रत्येकी ४० कुंडल्या पाहिल्या. बरोबर उत्तरांचे प्रमाण सरासरी ४६ टक्के आले, म्हणजे नाणे उडवल्यासारखेच. कुंडली परीक्षेला बसून नापास झाली. पारदर्शक पत्ते परीक्षेला बसतच नाहीत, कारण त्यांचा अर्थ चित्र पाहिल्यावरच ठरतो. मला ही बाब नापास होण्यापेक्षा जास्त गंभीर वाटते.

यावर आजचा शहरी पत्तेवाचक म्हणेल की, भविष्य सांगण्याचा आमचा दावाच नाही. हा मनाचा आरसा आहे, अडलेल्या विचाराला वाट करून देणारा. हा बचाव मी निम्मा मान्य करतो. मोघम चित्र समोर आले की माणूस मनातले बोलू लागतो, हे खरे आहे; एरवी जे थेट विचारता येत नाही ते तिसऱ्याच गोष्टीच्या निमित्ताने विचारता येते. इथवर विवेकवाद्यांनीही चिडण्याचे कारण नाही. कोणी एकटे बसून रंगीत पाने जुळवावीत आणि स्वतःच्या मनाची चौकशी करावी, त्यात कोणाचे नुकसान नाही. पण मग दुसऱ्याने पैसे घेऊन ‘पत्ते असे सांगतात’ म्हणायचा हक्क कुठून आला? आरसाच असेल तर त्यात दिसणारे ज्याचे त्याने सांगावे. पत्तेवाचक स्वतः अर्थ सांगू लागला की तिथे गिऱ्हाइकाचे मन उरत नाही, वाचकाचा अंदाज उरतो, आणि त्या अंदाजावर मग ऑपरेशन पुढे ढकलले जाते, ठरलेले लग्न मोडते, घराचा व्यवहार होतो.

तेव्हा कोणी असे पत्ते तुमच्यापुढे मांडले तर एक सोपी गोष्ट करा. तो बोलण्याआधी तुम्हाला चित्रात काय दिसते ते कागदावर लिहून ठेवा, आणि तीच पाने, त्याच क्रमाने, तुमचा प्रश्न माहीत नसलेल्या दुसऱ्या वाचकाला दाखवा. तिन्ही अर्थ शेजारी ठेवून पाहा, आणि फी द्यायची की नाही ते त्यानंतर ठरवा.