मोडू द्या, जोडू द्या!

वाढदिवसाला आणलेली चावीची मोटार दुसऱ्याच दिवशी पलंगाखाली सापडते. चाके एकीकडे, स्प्रिंग दुसरीकडे. आई कपाळाला हात लावते, बाबा ओरडतात, "एक वस्तू धड ठेवत नाही!" आणि पुढचे खेळणे कपाटाच्या वरच्या फळीवर जाऊन बसते, पाहुणे आले की दाखवायला. चावी दिल्यावर आत नेमके काय फिरते, हे पाहण्यासाठी मुलाने ती मोटार उघडली होती. पण त्याला तसे कुणी विचारतच नाही.

गंमत अशी, की हेच मुलगे-मुली दहावीत गेले की त्यांनी इंजिनीअर व्हावे म्हणून घरात धावपळ सुरू होते. क्लास लावले जातात, गाइडे येतात. स्क्रू ड्रायव्हर मात्र तोवर एकदाही हाती दिलेला नसतो. मुलींच्या तर नाहीच नाही!

मुलांनी हात चालवून विज्ञान शिकावे, यासाठीचा आपल्या देशातला एक मोठा प्रयत्न मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात (आताचा नर्मदापुरम) झाला. किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी १९७२ साली सहावी ते आठवीच्या सोळा शाळांत तो सुरू केला आणि १९७८ साली तो जिल्हाभर पोहोचला. मुले गटागटाने प्रयोग करत, दिसेल ते वहीत लिहीत, निष्कर्षही स्वतःच काढत. परीक्षेत पुस्तक उघडून बघायला मुभा होती, कारण परीक्षा पाठांतराची नव्हती. ‘सवालीराम’ नावाचा एक काल्पनिक गृहस्थही होता. मुले त्याला पत्राने प्रश्न विचारत आणि कार्यक्रमातली मंडळी त्याच्या नावाने उत्तरे पाठवत.

याच कार्यक्रमात १९७८ साली अरविंद गुप्ता हा तरुण इंजिनीअर दाखल झाला. तो आयआयटी कानपूरमध्ये शिकलेला आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला होता. खेड्यातल्या शाळेत महागडे सामान कुठून आणायचे? त्याने सायकलच्या दुकानातली व्हॉल्व्ह ट्यूब घेतली, सोबत आगपेटीतल्या काड्या घेतल्या आणि त्यातून मुलांसाठी अस्सल ‘मेकॅनो’ तयार झाला.

हा मेकॅनो कोणत्याही घरात होऊ शकतो. काड्यांचे गुल मोठ्या माणसाने आधी खरवडून काढावे. व्हॉल्व्ह ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे करावेत. तुकड्याच्या दोन्ही टोकांतून एकेक काडी सरकवली की सांधा तयार होतो. तीन काड्या आणि तीन सांधे यांचा त्रिकोण होतो, चार काड्यांचा चौकोन. आता मुलांना दोन्ही दाबून बघायला सांगा. चौकोन लगेच कलंडतो, पतंगासारखा तिरका होतो. त्रिकोण मात्र कितीही दाबला तरी आपला आकार सोडत नाही. त्याच्या तिन्ही बाजूंची लांबी ठरली की कोन बदलायला जागाच उरत नाही. चौकोनाचे तसे नाही. पण त्यात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक लांब काडी तिरकी बसवली, की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तोही ताठ उभा राहतो.

इथे लगेच समजावून सांगायचा मोह आवरायला हवा. त्याऐवजी संध्याकाळी मुलांना बाहेर फिरवून आणावे. विजेचा मनोरा, रेल्वेचा लोखंडी पूल, पत्र्याच्या शेडची कैची, सगळीकडे त्रिकोणच दिसू लागतात. घरातले टेबल डुगडुगायला लागले की सुतार त्याला तिरकी पट्टी मारतो, तेही याचसाठी. हे मुलाने स्वतः ओळखले, तर त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा असतो.

थोडी मोठी मुले विजेची मोटर करू शकतात. सामान साधेच: टॉर्चचा एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक लहान चुंबक आणि इनॅमल दिलेली तांब्याची तार. मोटर रिवाइंडिंग करणाऱ्याकडे तारेचा तुकडा सहज मिळतो. तारेचे आठ-दहा वेढे देऊन गोल वेटोळे करायचे. त्याची दोन टोके सेलला लावलेल्या पिनांच्या भोकांत ठेवायची आणि चुंबक खाली. पहिल्या खेपेला ते बहुधा फिरत नाही! मुलाने तारेच्या दोन्ही टोकांवरचे इनॅमल पूर्ण खरवडलेले असते. मग वेटोळे झटका खाते, मागे येते आणि थांबते. एक टोक पूर्ण आणि दुसरे एकाच बाजूने खरवडायचे असते, म्हणजे अर्ध्या फेरीत वीज बंद होते आणि वेटोळे आपल्याच वेगाने पुढे जाते. चूक शोधण्यात तासभर गेला तरी जाऊ द्यावा. फक्त दोन पथ्ये पाळावीत. तार तापते, म्हणून जोडणी फार वेळ ठेवू नये आणि भिंतीतल्या प्लगला कधीही हात लावू देऊ नये.

काही घरांत वेगळीच अडचण असते. बाबा उत्साहाने बसतात आणि सगळे स्वतःच करून टाकतात. शाळेच्या प्रदर्शनातले कित्येक ज्वालामुखी असे पालकांनी रात्र जागून उभारलेले असतात. बक्षीस मिळते, पण ते कुणाला?

मग मार्कांचे काय, असे पालक विचारतीलच. प्रश्न रास्त आहे. काडीच्या त्रिकोणाने पुढच्या चाचणीतले गुण वाढतील, असे कुणी सांगू नये. होशंगाबादचा कार्यक्रमही तीस वर्षांनी, २००२ साली, राज्य सरकारने बंद केला. पण ज्या मुलीने मोटर फिरवली आहे, तिला पुस्तकातली मोटरची आकृती परकी वाटत नाही, एवढे नक्की.

अरविंद गुप्ता पुढे पुण्याला आले. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंतून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयुकाचे संस्थापक-संचालक डॉ. जयंत नारळीकर यांची रीत तर निराळीच होती. स्वाक्षरी मागणाऱ्या मुलाला ते म्हणत, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव. उत्तर येई आणि त्याखाली स्वाक्षरीही!

व्हॉल्व्ह ट्यूब आजही जुन्या सायकल दुकानात मिळते. आगपेटी घरात असतेच. काड्यांचे घर उभे राहिले की ते चार दिवस टीव्हीच्या शेजारी राहू द्यावे. पुसताना उचलले, तर जागच्या जागी ठेवावे.