एक सेकंद म्हणजे एक दिवस

एक सेकंद ताणून त्याचा अख्खा दिवस केला, तर शर्यतीच्या घड्याळातले आकडे कळायला लागतात. सेकंदाचा शंभरावा भाग मग 14 मिनिटं 24 सेकंदांचा होतो. तेवढ्यात येवल्याचा विणकर मागावरून उठून चहा घेऊन परत बसतो. हजारावा भाग होतो दीड मिनिटाला जरा कमी. पुढचे सगळे आकडे याच मापाने वाचावेत.

येवल्याला लागून चांदवड तालुका आहे. तिथल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ 2016 साली रिओ ऑलिंपिकमध्ये 2000 मीटर एकेरी नौकानयनात उतरला आणि तेराव्या क्रमांकावर आला. तेराव्यापासून पुढचे क्रमांक ठरवणारी आपली शेवटची शर्यत त्याने 6 मिनिटं 54.96 सेकंदांत जिंकली. त्याच स्पर्धेच्या सुवर्णपदकासाठी न्यूझीलंडचा माहे ड्रायस्डेल आणि क्रोएशियाचा दामिर मार्टिन भिडले. फलकावर दोघांचीही वेळ एकच लागली, 6 मिनिटं 41.34 सेकंद. आपल्या मापाने दोघंही 401 दिवस रात्रंदिवस वल्ही मारत होते आणि त्यांच्यातला फरक पाव तासाहूनही कमी होता. पाण्यावर हा फरक पाच सेंटिमीटरच्या आत येतो. नावेच्या टोकावरचा पांढरा रबरी चेंडू कोणाचा आधी पुढे गेला, हे छायाचित्रावरून ठरवावं लागलं आणि सुवर्ण ड्रायस्डेलकडे गेलं.

बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेचा हिशेब तर याहून जिव्हारी लागतो. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये केनियाचा अब्राहम किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंदांत आला आणि अविनाश 8 मिनिटं 11.20 सेकंदांत. म्हणजे 491 दिवस, जवळजवळ सोळा महिने धावून, अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडून एक जण पहाटे 3 वाजून 36 मिनिटांनी पोचला आणि दुसरा 4 वाजून 48 मिनिटांनी. तीन किलोमीटरमध्ये अंतर पडलं ते फुटाएवढं.

इतके बारीक फरक टिपणारा कॅमेरा आपल्या ओळखीचा नाही. तो मैदान बघतच नाही. एका बारीक फटीतून त्याला फक्त अंतिम रेषा दिसते. त्या रेषेवर त्या क्षणी जे काही आहे, त्याची एक उभी, केसासारखी पट्टी तो टिपतो आणि लगेच पुढची पट्टी तिच्या शेजारी लावतो. पैठणीचा पदर जसा एकेक आडवा धागा फणीने ठोकत वाढतो, तसं हे चित्र एकेक उभ्या रेघेने वाढत जातं. फरक वेगाचा आहे: 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमधला कॅमेरा सेकंदाला 40,000 रेघा लावत होता. सेकंदाचा दिवस केला तरी दर दोन सेकंदांच्या आसपास एक रेघ! तिथे 100 मीटरच्या अंतिम शर्यतीत नोआ लाइल्स 9.784 आणि किशेन थॉम्प्सन 9.789 सेकंदांत आला. हा पाच हजारांशांचा फरक म्हणजे चित्रातल्या 200 रेघा. निकाल देणाऱ्याला त्या मोकळेपणाने मोजता आल्या.

हे चित्र एकदा नीट निरखून बघावं. त्यात डावी-उजवी दिशा म्हणजे जागा नव्हे, वेळ. सगळं चित्र त्या एकाच रेषेचं असतं. म्हणून रेषेवर टेकलेलं पाऊल तेवढा वेळ हलत नाही आणि चित्रात होडीसारखं लांब पसरतं, तर झपकन पुढे जाणारा हात आखडलेला दिसतो. निकाल मात्र ना पायावर लागतो, ना हातावर, ना डोक्यावर. धडाचा पुढचा भाग ज्या रेघेत आला, ती रेघ त्याची वेळ.

हातातल्या स्टॉपवॉचची गोष्ट वेगळी. 100 मीटरवर उभ्या असलेल्या वेळाधिकाऱ्याने पिस्तुलाच्या आवाजावर बटण दाबलं, तर आवाज त्याच्यापर्यंत यायलाच 0.29 सेकंद लागतात. आपल्या मापाने सात तास. म्हणून धुराकडे बघायचं असतं. तरीही डोळा आणि अंगठा उशीर करतातच. छोट्या शर्यतींत हातघड्याळाची वेळ यंत्राच्या वेळेशी ताडून बघताना 0.24 सेकंद वाढवायची रीत आहे, ती यासाठीच. म्हणजे पावणेसहा तासांची भर. शिवाय नियमानुसार हाताने घेतलेली 11.21 ही वेळ वर नेऊन 11.3 लिहावी लागते. तालुक्याच्या मैदानावर जीव तोडून धावलेल्या मुलीच्या वेळेतून असे तासचे तास इकडचे तिकडे होतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

यंत्र आणलं तरी सगळी भिस्त मांडणीवर असते. पिस्तूल आणि घड्याळ जोडल्यावर बार आणि घड्याळाची सुरुवात यांत सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षा जास्त अंतर चालत नाही. पहिल्या आणि आठव्या लेनमध्ये साडेआठ मीटरचं अंतर असतं. तेवढं अंतर कापायला आवाजाला 0.025 सेकंद लागतात, म्हणजे 36 मिनिटं. त्यासाठी मोठ्या स्पर्धांत प्रत्येक धावपटूच्या मागे स्वतंत्र स्पीकर ठेवतात. आणि मैदान? पोलादी टेप 20 अंश तापमानाला धरून तपासलेली असते. येवल्याच्या चाळीस अंशांच्या उन्हात 100 मीटरला ती 2.4 सेंटिमीटरने वाढते. शाळेतल्या खेळाच्या सरांनी सुतळी ताणून, टेप लावून कितीही काळजीने फक्की टाकली, तरी 100 मीटरची लेन तेवढी लांब आखली जाणार. नियमाची सूट आहे दोन सेंटिमीटरची. उन्हानेच ती ओलांडली!

घड्याळ मैदानापेक्षा बारीक झालं की काय होतं, हे 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पोहण्याच्या तलावात दिसलं. 400 मीटर मिडले शर्यतीत स्वीडनचा गुन्नार लार्सन अमेरिकेच्या टिम मकीच्या फक्त 0.002 सेकंद पुढे राहिला. पाण्यात हे अंतर तीन मिलिमीटर होतं. तलावाच्या दोन लेनच्या लांबीत याहून जास्त फरक सहज असतो, म्हणजे कोण जास्त पोहलं हेच सांगता येत नव्हतं. पुढे पोहण्याचे निकाल शंभराव्या भागावर थांबवले गेले आणि आजही तिथे वेळ बरोबरीची आली की दोघांनाही सारखंच पदक मिळतं. मला हा निर्णय फार प्रामाणिक वाटतो.

तालुक्याच्या स्पर्धेला चाळीस हजार रेघांचा कॅमेरा मागायची गरज नाही. आज अनेकांच्या खिशातला मोबाइल स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 चित्रं घेतो, म्हणजे आपल्या मापाने दर सहा मिनिटांना एक. सेकंदाला आठ मीटर धावणारा मुलगा दोन चित्रांच्या मध्ये साधारण 3.3 सेंटिमीटर सरकतो. वेळ मोजायला नाही, पण पहिला कोण आणि दुसरा कोण हे ठरवायला हे पुष्कळ झालं. फक्त स्टँड अंतिम रेषेच्या सरळ रेघेतच, उंचावर रोवला पाहिजे. समजा तो फूटभर बाजूला सरकला, जवळचा मुलगा सहा मीटरवर आहे, लांबचा साडेचौदा मीटरवर आणि मोबाइल रेषेच्या पलीकडच्या टोकावर रोखलेला आहे. तर जवळचा मुलगा साडेसतरा सेंटिमीटर पुढे किंवा मागे दिसेल. आपल्या मापाने अर्धा तास.